वाचकांचे प्रश्न : '४१५ व्होल्टच तर आहे!'

प्रश्न : माझा मुलगा ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकल टेक्निशियन आहे. पॅनल उघडताना जाड सूट आणि तोंडावर हूड घालायचा नियम आहे, पण तो म्हणतो आई, ४१५ व्होल्टच तर आहे, आपल्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये पण तेवढंच असतं, रबरी ग्लोव्हज घातले की झालं. खरंय का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, व्होल्टेज तेवढंच असतं हे खरंय, बाकी नाही. ग्लोव्हज शॉकपासून वाचवतात. शॉकला हात लागावा लागतो, आर्क फ्लॅशला, म्हणजे हवेतूनच उडणाऱ्या विजेच्या भडक्याला, तेवढीही गरज नाही. बसबारवर, म्हणजे पॅनलमधल्या तांब्याच्या जाड पट्ट्यांवर, पाना पडला, आत पाल शिरली, ब्रेकर आत-बाहेर करताना काही अडकलं, की दोन फेजमधली हवाच करंट वाहायला लागते आणि तिथे तापमान १९,००० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. सूर्याचा पृष्ठभाग ५,५०० चा, म्हणजे बघा. तांब्याची वाफ होते, वाफेला हजारो पट जागा लागते, म्हणून धडाका.

सोसायटीशी तुलना करायची तर मागचा ट्रान्सफॉर्मर बघायचा. डेटा सेंटरचा २,५०० केव्हीएचा असेल तर फुल लोडला करंट साधारण ३,५०० अँपिअर, आणि जवळच शॉर्ट झालं तर ५०,००० च्याही पुढे जाऊ शकतो. त्यात परत मेन ब्रेकरला बऱ्याचदा मुद्दाम लाइन तोडण्याआधी ०.३-०.४ सेकंद थांबायला लावलेलं असतं, का तर आधी खालचा ब्रेकर पडावा, अख्खा हॉल बंद पडू नये. सर्व्हरच्या दृष्टीने हे छान, पण पॅनलसमोर उभा असलेला माणूस तेवढा वेळ भाजत राहतो, वेळ चौपट तर उष्णता पण चौपट. काही ब्रेकरना मेंटेनन्स मोडचा स्विच असतो, तो टाकला की हे थांबणं रद्द होतं. मुलाला विचारा त्यांच्याकडे आहे का आणि कोणी वापरतं का.

पॅनलवरच्या स्टिकरवर ८ किंवा ४० असा कॅलरीचा आकडा असेल, म्हणजे भडका उडाला तर समोरच्याच्या अंगावर दर चौरस सेंटीमीटरला किती उष्णता येईल ते. कातडीवर फोड यायला १.२ पुरते. सूट त्या आकड्याला पुरणारा हवा, आणि आत टेरिकॉट-नायलॉन अजिबात नको, सुतीच. मी हे एका कारखान्यात असताना शिकलो. सहकाऱ्याच्या हातून तेरा नंबरचा पाना सुटला, आवाज झाला आणि संपलं पण. माणूस वाचला, पण टेरिकॉटचा शर्ट अंगाला चिकटला होता, आणि समोरच्या भिंतीवर तांब्याचे मोहरीएवढे मणी बसलेले, खरवडून पण निघेनात.

प्रश्न : डेटा सेंटरमध्ये लाइट बंद करताच येत नाही, मग चालू पॅनलमध्ये हात घालावाच लागतो ना? – एक सुपरवायझर, महापे

उत्तर : हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! अहो, ए आणि बी असे दोन फीड, म्हणजे दोन वेगळे सप्लाय, कशासाठी दिलेत? एक बंद करून काम करता यावं म्हणूनच ना, सर्व्हर तेवढा वेळ दुसऱ्यावर चालतात. खरी अडचण वेगळीच असते, कोणीतरी सर्व्हरच्या रॅकची दोन्ही पिनं (प्लग) एकाच फीडला लावलेली असतात आणि बंद केलं की काय पडेल याची सगळ्यांना धास्ती. मग ती पिनं आधी शोधा, सूट घालून हात घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि बंद केलं म्हणजे मेलं असं धरू नका, यूपीएसकडून किंवा बॅटरीकडून उलट सप्लाय येऊ शकतो, वीज साठवणारा कपॅसिटर पण भरलेला असतो. कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात, मग टेस्टर आधी चालू लाइनवर बघा, मग इथे बघा, मग परत चालू लाइनवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला तर? हो, आणि हे टेस्टिंग सूट घालूनच, कारण तोवर लाइन चालूच आहे असं धरायचं.

प्रश्न : रबरी ग्लोव्हजमध्ये हवा भरून कानाजवळ का धरतात? – एक आयटीआय विद्यार्थी, ठाणे

उत्तर : सुईएवढं भोक डोळ्याला दिसत नाही, पण मनगटाकडून गुंडाळत आणलं की हवा आत कोंडते आणि सुटताना बारीक फस्स ऐकू येतं. रोज, वापरायच्या आधी. वरून चामड्याचे ग्लोव्हज घाला म्हणजे रबर फाटत नाही. आणि फस्स झालं तर नुसतं कचऱ्यात टाकू नका, कात्रीने कापा, नाहीतर रात्रपाळीवाला उचलून घालतो.