सातवं वाक्य

"मॅडम, मी ढोंगी आहे का?" माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या तिने खुर्चीला पाठ टेकण्याआधीच विचारलं. वय चौतिशीचं, नोकरीत जम बसलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ऑफिसात ती बेधडक बोलते, मैत्रिणींत टवाळखोर, आणि थोरल्या बहिणीसमोर मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. महिन्यापूर्वी एका समारंभात हे तिन्ही गोतावळे एकत्र आले. कुठल्या आवाजात बोलायचं तेच कळेना, म्हणून ती अर्ध्यातून निघून आली. "यातली खरी मी कुठली?"

हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की उत्तर माझ्या जिभेवरच होतं. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्येच लिहून ठेवलंय, माणसाला ओळखणारी जितकी माणसं, तितकी त्याची सामाजिक रूपं. ती कसंनुसं हसली. जेम्सच्या दाखल्याने कुणाला शांत झोप लागल्याचं मीही पाहिलेलं नाही.

मग कागद पुढे केला. 'मी' पासून सुरू होणारी वीस वाक्यं लिहायची. माणूस स्वतःला कसा ओळखतो हे पाहणारी ही कून आणि मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांची १९५४ ची चाचणी. नाती, काम अशी वाक्यं बहुधा झरझर उतरतात, नंतर पेन अडखळतं. तिचं अकराव्यावर अडलं. सातवं होतं, 'मी अप्पलपोटी आहे.' पेन इतकं दाबलेलं की अक्षरं कागदाच्या मागे उमटली होती.

"हे कुणी म्हटलं?"

"ताईला तसं वाटतं."

"ती म्हणाली तसं?"

"म्हणायला कशाला हवं? कळतं ना."

या 'कळतं ना'पाशी मी नेहमी थांबते. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये आरशाची उपमा दिली. दुसऱ्याला आपण कसे दिसत असू याची कल्पना, त्यावरून तो आपल्याला काय ठरवत असेल याची कल्पना, आणि त्यातून येणारा अभिमान किंवा शरम, या तिन्हींतून 'मी' घडतो. आरसा सगळ्यांच्या लक्षात राहतो, दोनदा आलेली 'कल्पना' निसटते. १९७९ मध्ये श्रॉगर आणि शोनेमन या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. आपण स्वतःला जसे समजतो आणि लोकांना आपण जसे वाटतो असं आपण धरून चालतो, त्या दोहोंचा मेळ चांगला बसतो. लोकांच्या प्रत्यक्ष मताशी मात्र फारसा बसत नाही. साहजिकच आहे. भिडेपोटी तोंडावर खरं बोलतं कोण?

म्हणून काय लोकांचा विचारच सोडून द्यायचा? हा सल्ला मी देत नाही. जॉर्ज हर्बर्ट मीड या तत्त्वज्ञाचं म्हणणं मला पटतं: दुसऱ्याच्या जागी उभं राहून स्वतःकडे बघता येऊ लागलं की मगच मुलाला 'मी' सापडतो. माणसं वजा केली की आत अस्सल, अख्खा 'मी' उरेल, यावर माझा विश्वास नाही.

तेव्हा तिला एवढंच सांगितलं, ताईला विचारा. 'मी कशी वाटते' असं मोघम विचारलंत तर कौतुक होईल नाहीतर भांडण, एखादा प्रसंग धरून विचारा. तीन आठवडे तिने टाळलं. मग एकदाचं विचारलं: आई आजारी असताना मी परीक्षेसाठी निघून गेले, तेव्हा राग आला होता का?

ताई म्हणाली, "राग कसला, हेवा वाटला होता. मलाही कुठेतरी निघून जायचं होतं." जरा थांबून पुढे म्हणाली, "आणि तू फोन करत नाहीस, त्याचा राग आहे. अजूनही."

पुढच्या भेटीत तिने तो कागद परत मागितला. सातवं वाक्य खोडलं नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग अकराव्याखाली, या वेळी पेन न दाबता, बारावं लिहिलं: 'मी फोन न करणारी बहीण आहे.'

"हे मात्र खरंय," ती म्हणाली.