इंदुरात जांभळ्या पानांची बार्बेरी कुंपणाला चालेल का?

प्रश्न: आम्ही नुकतेच पुण्याहून इंदूरला राहायला आलोय. घरापुढच्या कुंपणाला जांभळ्या-लाल पानांची बार्बेरी लावायची फार इच्छा आहे. इथल्या हवेत टिकेल का? बिया मागवाव्यात की रोप? शेजारचे काका म्हणतात की या झाडाने गव्हावर तांबेरा येतो. ते खरं आहे का?

उत्तर:

बियांचं आधी सांगते, म्हणजे निदान तुमचे पैसे वाचतील. मागवू नका. पाकिटावर लालभडक झुडपाचा फोटो असतो, पण या रंगीत जाती बीपासून जशाच्या तशा उतरत नाहीत, त्या कलमाने किंवा फांदी लावूनच वाढवतात. शिवाय बार्बेरीचं बी उगवायला आधी दोन-तीन महिने गारठा लागतो, म्हणजे ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. एवढं करून जे उगवेल त्याचा रंग कसा निघेल याची खात्री नाही, हिरवंही निघू शकतं. आणि पाकिटात खरंच बार्बेरीचं बी असेल, हे धरून मी बोलतेय.

आता टिकण्याचं. मी सुदामानगरात राहते आणि बार्बेरी दोनदा लावलीय. पहिली अक्षरशः कुजवली.

ती एका ऑनलाइन नर्सरीतून मागवलेली, वीतभर उंचीची, पानं नखाएवढी आणि रंग पिकल्या जांभळासारखा. पॅकिंग सोडतानाच अंगठ्यात काटा घुसला, इतके बारीक काटे की आधी दिसतच नाहीत. हौसेने कुंपणाजवळ थेट जमिनीत लावली. आपली माळव्यातली काळी माती तुम्हाला अजून नवी असेल. उन्हाळ्यात हिला बोटं जातील अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून चिकट गोळा होते, पाणी खाली जाऊच देत नाही. जूनपर्यंत झुडूप तग धरून होतं. जुलैच्या शेवटी पानं लोंबायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय (भर पावसाळ्यात!), म्हणून वर आणखी तांब्याभर पाणी घातलं. आठ दिवसांनी दोन बोटांनी ओढलं तर झुडूप अलगद हातात आलं. उकडलेल्या शेंगेचं टरफल सुटावं तशी मुळांची साल निघत होती.

फेकण्याआधी फांदी मोडून पाहिली, तर आत लख्ख पिवळं. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, ही तर दारुहळद दिसतेय." त्यांचं फार चुकलं नव्हतं. औषधातली दारुहळद हिमालयात होते आणि ती बार्बेरीच्याच कुळातली, सख्खी बहीणच म्हणा. दोघींचं लाकूड बर्बेरिन नावाच्या द्रव्यामुळे पिवळं असतं. म्हणून रोप घेताना खात्री करायची असेल तर जाड फांदीवर नखाने हळूच ओरखडा काढून बघा, सालीखाली हळदीचा रंग दिसला पाहिजे. नर्सरीवाला बघत नसताना केलेलं बरं.

खरी अडचण मात्र मुळांची नाही, रंगाची आहे. बागेत लावतात ती बार्बेरी जपानची. तिच्या शास्त्रीय नावातलं 'थुनबर्गी' हे थुनबर्ग नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलंय. तिला खरा हिवाळा लागतो, पानं गाळून दोन-तीन महिने झोपायचं आणि वसंतात ताजी पालवी काढायची. पानांतलं लाल-जांभळं द्रव्य कडक ऊन आणि गार रात्री असल्या की चांगलं भरतं. सावलीत ठेवली की पान हिरवट पडतं. आता इंदूर बघा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बहुतेक आठ-दहापर्यंत उतरतो, पण दुपारी परत पंचवीसच्या वर. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस. म्हणजे उन्हात ठेवावी तर उन्हाळ्यात पानांच्या कडा जळतात आणि सावलीत ठेवावी तर रंग जातो. माळव्याच्या गार रात्रींचं कौतुक आपल्याला, जपानी झुडपाला नाही. आणि हीच बाई अमेरिकेत इतकी माजली की काही राज्यांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली. १८७५ साली बॉस्टनच्या बागेत बी आलं आणि तिथून ती रानात शिरली. मी मात्र इथे एकीला जगवायला तिचे लाड पुरवते.

तेव्हा कुंपणाला नको, हे माझं स्पष्ट मत. हौस असेल तर कुंडीत एक ठेवा. माझी दुसरी तशीच जगलीय, तिसरं वर्ष चालू आहे. बारा इंची मातीची कुंडी, तळाला खापऱ्या. एक भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू किंवा मुरूम, एक भाग कंपोस्ट. कंपोस्ट घरचंच घाला. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली ती याच गावातून. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे शेती संशोधन संस्थेचे प्रमुख होते, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे, तिथेच त्यांनी ती बसवली. पण अभिमानापोटी खत जास्त घालू नका. युरिया तर अजिबात नको, पानं लुसलुशीत होतात आणि रंग फिका पडतो.

रोप नोव्हेंबरात आणा. फेब्रुवारीपर्यंत दिवसभर ऊन. होळीनंतर कुंडी पूर्वेच्या बाजूला सरकवा, सकाळी दहापर्यंतचं ऊन पुरे, नंतर हिरवी जाळी. पाणी सकाळी, बोट खुपसून वरची दोन पेरं कोरडी लागली तरच. मे महिन्यात ती रोजच लागतात. पाऊस सुरू झाला की कुंडी छपराखाली, यात आळस नको. छाटणी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नव्या फुटीचा रंग सगळ्यात चांगला असतो. ठेंगणी जात मिळाली तर तीच घ्या, दोन फुटांच्या फार वर जात नाही. सोनेरी पानांची घेऊ नका, ती आपल्या उन्हात पापडासारखी होते.

कुंपणाला रंगच हवा असेल तर अकॅलिफा लावा. तांबूस-लाल पानांचा, कडक उन्हातच खुलतो, काळ्या मातीतही चालतो, फक्त वाफा वीतभर उंच करा. जुलैत दोन-दोन फुटांवर लावला की पुढच्या दिवाळीपर्यंत कुंपण भरतं. दिसायला बार्बेरीच्या जवळची लाल युफोर्बियाही नर्सरीवाले दाखवतील, पण तिचा चीक त्वचेला भाजतो आणि डोळ्यात गेला तर वाईट. घरात लहान मूल असेल तर नकोच. मला स्वतःला नंदिना आवडते. गंमत म्हणजे तीही बार्बेरीच्याच कुटुंबातली, पण काटे नाहीत. दुपारची सावली दिली तर इथे बरी राहते आणि थंडीत पानांची टोकं लाल होतात. फक्त महाग पडते, पूर्ण कुंपण तिचं करायला मला जमलं नसतं.

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. युरोपातली साधी बार्बेरी गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला, म्हणजे बुरशीने होणाऱ्या रोगाला, आसरा देते. अमेरिकेने १९१८ पासून मोहीम काढून ती झुडपं उपटली. जपानी बार्बेरी मात्र या रोगाला बरीच दाद देत नाही. आपल्याकडे आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालून दाखवलं की भारतातला तांबेरा बार्बेरीवर अवलंबून नाही. उन्हाळ्यात तो डोंगराळ भागांत तग धरतो आणि तिथून वाऱ्याबरोबर मैदानात येतो. काळा तांबेरा आपल्याकडे येतो तो मुख्यतः निलगिरी-पळणीच्या बाजूने. तुमच्या एका कुंडीने माळव्याचा गहू बुडणार नाही, काकांना बिनधास्त सांगा.

आणि कुंडी हलवताना जाड कातडी हातमोजे घाला. कापडी घालून काही उपयोग नाही, काटा त्यातून आरपार येतो आणि आत मोडला तर दोन दिवस ठणकतो.