एकाच टायटलमध्ये दोन रंग कसे आणायचे?

प्रश्न: दादा, मी रावेरची, जळगावला बीएस्सी करतेय. प्रोजेक्टसाठी केळी आणि कापसाच्या भावाचा ग्राफ पायथनच्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीत काढलाय. वरती ‘केळी आणि कापूस: किंमत’ असं टायटल पाहिजे, त्यात केळी हिरव्या रंगात न् कापूस निळ्या, म्हणजे कुठला रंग कशाचा हे सांगणारा लेजंडचा डबा लागणारच नाही. पण कलर दिला की अख्खी ओळच हिरवी होते. चार तुकडे करून प्रत्येकाच्या जागेचे एक्सचे आकडे अंदाजाने टाकले तर मोठ्या फिगरवर छान दिसतं, छोटी केली की शब्द एकमेकांवर चढतात. काय करू?

उत्तर: ताई, लेजंड काढायचा विचार एकदम भारी आहे, बघणाऱ्याची नजर सारखी डब्याकडे पळत नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये एका टेक्स्टला एकच कलर मिळतो, म्हणून तुकडे करणं बरोबरच होतं, चुकलं ते अंदाजाच्या आकड्यांमुळे. अक्षरांचा साईज पॉइंटमध्ये असतो, 72 पॉइंट म्हणजे 1 इंच, फिगर लहान केली तरी अक्षरं तेवढीच राहतात पण त्यांच्यातली जागा आवळली जाते न् मग ती एकमेकांवर चढणारच.

त्यापेक्षा दुसरा तुकडा पहिल्यालाच बांधून टाका. पहिला शब्द साध्या टेक्स्टने लिहा आणि तो एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, पुढचा अ‍ॅनोटेटने लिहा, त्यात एक्सवायकोऑर्ड्सला (जागा कशापासून मोजायची ते) तेच व्हेरिएबल द्या, एक्सवाय (1, 0) म्हणजे आधीच्या शब्दाचा उजवा खालचा कोपरा, आणि व्हीए, म्हणजे उभी जुळवणी, बॉटम. शब्दाच्या सुरुवातीला एक स्पेस सोडा, नाहीतर चिकटतील. तिसरा दुसऱ्याला, चौथा तिसऱ्याला बांधा, बस, फिगर कितीही ताणा, ओळ तुटत नाही.

अडचण एकच, अख्खी ओळ मधोमध आणणं यात अवघड जातं. टायटलसाठी मी तर मॅटप्लॉटलिबमधलं ऑफसेटबॉक्स मॉड्यूलच वापरतो, प्रत्येक शब्दाचा टेक्स्टएरिया करायचा, ते सगळे एचपॅकरमध्ये ओळीने भरायचे, पॅड (कडेची जागा) 0, सेप (मधली जागा) 0, अलाइन बेसलाइन (अक्षरं बसतात ती रेषा), आणि तो गठ्ठा अँकर्डऑफसेटबॉक्समध्ये टाकून ग्राफच्या वर मधोमध अडकवायचा, फ्रेम बंद. कुठला शब्द मोठ्या साईजमध्ये असला तरी बेसलाइन सरळ राहते, अ‍ॅनोटेटमध्ये तो वरखाली होतो.

रंगाचा हेक्स कोड (# ने सुरू होणारा रंगाचा नंबर) ग्राफमधल्या लाईनचाच कॉपी करा, नजरेने जुळवू नका. केळीला हिरवा घेतला ते फार बरं केलं, पिवळा पांढऱ्यावर दिसतच नाही, आणि आपल्याकडून ट्रकमध्ये केळी हिरवीच तर भरतात.

आणि हो, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आले तर फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी करा. तरीपण बऱ्याच व्हर्जनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे जाऊन बसते, ‘आणि’ न् ‘किंमत’ दोन्ही बिघडतात, जोडाक्षरंही फुटतात. सध्या टायटल ‘केळी व कापूस: भाव’ करून बघा, त्यात ना पहिली वेलांटी ना जोडाक्षर, आणि बाजारात आपण भावच म्हणतो ना.