आधी मोरी, मग महाबळेश्वर

वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरे

प्रश्न: काकू, सा. न. आमची धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. आधाराशिवाय बसता येत नाही, बोलत नाही, पण सगळं समजतं. गाणं लागलं की मान डोलावते. वजन 21 किलो. फिटचं औषध चालू आहे, दीड वर्षात फिट आलेली नाही. थोरला मुलगा सातवीत आहे. आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे माल गेला आणि एप्रिलची खरड छाटणी उरकली की मगच यांना चार दिवस मिळतात. शाळेत ‘माझी सहल’ निबंध होता, तर मुलानं मामाच्या गावावर लिहिला, कारण आम्ही दुसरीकडे कधी गेलोच नाही. यंदा महाबळेश्वर किंवा गणपतीपुळे असं चाललंय. सासूबाई म्हणतात, पोरीचे हाल कशाला, तिला मावशीकडे ठेवा आणि जाऊन या. यांनाही ते पटतंय. तिला सोडून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, आणि नेलं तर सगळ्यांचीच सहल बिघडेल अशी भीती वाटते. कुठं जाऊ? नेऊ की ठेवू?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर: काकू म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. माझ्या मुलालाही सेरेब्रल पाल्सी आहे. आता तो 26 वर्षांचा आहे. सांगलीतून त्याला घेऊन आम्ही पहिल्यांदा मुक्कामाला बाहेर पडलो तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याआधीची सगळी वर्षं आम्ही घर, दवाखाना आणि व्यायामाचं सेंटर यांतच काढली. त्या वर्षांचं मला आजही वाईट वाटतं, त्याच्याइतकंच त्याच्या बहिणीसाठी. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते. तिला ने. दोन रात्री, एकच मुक्काम, आणि तो पाचगणीत. महाबळेश्वर तिथून बघता येतं. समुद्र पुढच्या एखाद्या थंडीत, बाग चार दिवस कुणावर सोपवता आली तर.

पण गाव ठरलं म्हणजे काही ठरलं नाही. आमच्या पहिल्या सहलीत तिथंच चुकलं. एका थंड हवेच्या ठिकाणी फोनवर खोली घेतली. ‘तळमजला आहे ना?’ विचारलं, ‘आहे, आहे’ म्हणाले. पोचलो तर पोर्चपासून तीन पायऱ्या. त्या निभावल्या असत्या, पण बाथरूमचं दार इतकं अरुंद की व्हीलचेअर दारातच अडली. आत इंडियन संडास आणि सगळीकडे ओल्या गुळगुळीत फरश्या. दोन दिवस याच्या बाबांनी त्याला उचलून आत नेला. दुसऱ्या रात्री त्यांचा पाय घसरला. मुलाला छातीशी धरूनच ते गुडघ्यावर आपटले. त्याला काही लागलं नाही, पण तो इतका घाबरला की परत येईपर्यंत त्यानं संडासचं नाव काढलं नाही, आणि पोट दुखतं म्हणून रात्रभर कण्हत राहिला. समोर दरीत काय धुकं होतं! ते मला फोटोत बघून आठवतं, तिथं असताना मी बघितलंच नाही.

तेव्हापासून आमच्या घरी ठिकाण शेवटी ठरतं, आधी मोरी ठरते. तूही तसंच कर. शिंप्याची टेप घे आणि तिची खुर्ची बाहेरच्या चाकाच्या कडीपासून पलीकडच्या कडीपर्यंत मोज. तो आकडा वहीत लिही. मग हॉटेलला फोन कर, पण ‘व्हीलचेअर चालेल का’ असं विचारू नकोस. त्याला सगळे हो म्हणतात, आणि खोटं बोलायचं म्हणून म्हणत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर तुझी मुलगी नसते, एवढंच. त्याऐवजी सांग, ‘दादा, तुमच्याकडची हाताची प्लास्टिकची खुर्ची आहे ना, ती बाथरूमच्या दारातून सरळ, वाकडी न करता, आत ढकला आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवा.’ एवढं काम तिथला कुठलाही पोरगा दोन मिनिटांत करतो. खुर्ची अडकली तर तिथंच कळलं. आत गेली तर तिच्यावर टेप धरायला सांग आणि आपल्या आकड्याशी ताडून बघ. त्याच कॉलवर कमोड आहे का, उंबरठा किती आहे, नळाचं गरम पाणी किती वाजता येतं, तेही बघून घे. मला आजवर एकदाच ‘एवढ्या चौकशा असतील तर दुसरीकडे बघा’ असं ऐकवलं गेलं. बाकीच्यांनी आपुलकीनं दाखवलं.

पायऱ्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. रॅम्पचं प्रमाण बारास एक धरतात, म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांब उतार हवा. कुणी दारात आखूड फळी टाकून ‘रॅम्प आहे’ म्हणालं तर त्यावरून खुर्ची चढवायची नाही, ती मागं उलटते. तिचं वजन 21 किलो आहे, एक-दोन पायऱ्या दोघं मिळून खुर्ची पाठमोरी करून, मोठी चाकं आधी घेत चढवता येतात. पायरीची तडजोड चालेल, मोरीच्या दाराची नको. आणि घरची कमोडची खुर्ची गाडीत मावत नाही म्हणून ठेवून जाऊ नकोस. हवं तर सगळ्यांचा एकेक कपड्यांचा जोड कमी कर.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा आपल्या बाजूनं आहे, लोकांसाठीच्या इमारती सुगम असायलाच हव्यात. पण पोचल्या पोचल्या काउंटरवर उभं राहून भांडण्यात मुलीची झोपेची वेळ जाते. तक्रार घरी आल्यावर लेखी करावी, आणि करावीच.

आता पाचगणी का. तुमच्याकडून कराड, सातारा, मग पाचवड फाट्याला आत वळून वाई, असं दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. थांबत गेलात तर पाच-सहा तास. घाट एकच लागतो, पसरणीचा. गणपतीपुळ्याला अंतरही जास्त, आंबा घाट आहे, आणि एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर घामाच्या धारा लागतात. आपली मुलं अंग आखडून असतात, त्यातच त्यांची किती ताकद जाते, वर तो उकाडा. पाचगणीत दुपार सोसवते. मात्र रात्री मे महिन्यातही गारवा येतो, आणि गारठ्यानं स्नायू जास्त आखडतात हे तुला माहीत आहेच. स्वेटर, पायमोजे आणि गरम पाण्याची पिशवी घे.

शनिवार-रविवार टाळा. सोमवारी निघा, बुधवारी परत या. सुटीच्या दिवसांत शनिवारी पसरणीत गाड्यांची रांग लागली की तास-तास हलता येत नाही, आणि घाटात अडकलेल्या गाडीत तिला आडवं करायलाही जागा मिळत नाही. वाईत थांबा. सतरंजी टाकून तिला अर्धा तास पाठ मोकळी करू दे. घाट लागायच्या तासभर आधी थोडंसं, घट्टसर भरव, पोट भरून नको. गाडीत मागच्या सीटवर बेल्ट लावून बसव, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, मानेला उशी. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसायचं नाही, कितीही रडली तरी. एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, पण त्या उंच पायऱ्या आणि घाटातले हेलकावे बघता यावेळी गाडीच बरी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र जवळ असू दे.

औषध दोन पिशव्यांत विभागून घे, चिठ्ठीसकट, आणि एक पिशवी तुझ्या हातात. डोस चुकणं, जागरण आणि ताप, फिट यायला ही तीन कारणं पुरतात, म्हणून तिच्या झोपेची वेळ सहलीतही घड्याळाबरहुकूम. आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना, 108 ला फोन. जवळचा दवाखाना कुठला ते पोचलात की लगेच विचारून ठेवा. हे सगळं थोरल्यालाही शिकव. सातवीतला मुलगा घड्याळ बघायचं काम चोख करतो.

बघायचं काय? कमी. दिवसाला एक ठिकाण, फार तर दीड. टेबल लँड सपाट आहे, पण जांभ्याचा खडबडीत सडा आहे, खुर्चीची पुढची बारकी चाकं अडकतात. कडेला जागा बघून सतरंजी टाका, मुलगा घोड्यावर फिरून येईल. पारशी पॉइंट पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतच आहे, तिथून धोम धरणाचं पाणी दिसतं. महाबळेश्वरला विल्सन पॉइंटला गाडी पार वरपर्यंत जाते, आणि सगळ्यात उंच जागा तीच. समुद्रसपाटीपासून 1,439 मीटर. सूर्योदयाचा हट्ट नको, तिची झोप होऊन नऊ वाजता गेलात तरी डोंगर तिथंच असतात. वेण्णा तलावावर होडीत चढताना होडी हलते. आधी बापलेक होडीत जाऊ देत, तू आणि ती काठावर, मग अदलाबदल. स्ट्रॉबेरीचा हंगाम तोवर सरत आलेला असतो, पण मिळाली तर क्रीमबरोबर चमच्यानं चेचून दे. आमच्या मुलानं पहिला घास जिभेवर नुसता धरून ठेवला, आंबट लागून डोळे मिटले आणि परत तोंड उघडलं. प्रतापगड, सज्जनगड, ठोसेघर यांचं नाव यावेळी काढू नका, सगळीकडे पायऱ्याच पायऱ्या आहेत.

समुद्राला जाल तेव्हाचं एक सांगून ठेवते. कोरड्या वाळूत खुर्ची रुतते. ओहोटीची वेळ बघून ओल्या, घट्ट वाळूपर्यंत न्यायची, आणि पुढं ढकलायची नाही, पाठमोरी ओढायची. आमच्या मुलाचे पाय आम्ही गणपतीपुळ्याला पाण्यात सोडले, तेव्हा लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली आणि त्याची मूठ उघडली. उजवी मूठ. ती उघडावी म्हणून आम्ही किती वर्षं व्यायाम करत होतो.

जायच्या आधी एक रविवार औदुंबरला काढा. तुमच्यापासून जवळ आहे. सहलीला नेणार ते सगळं सामान घेऊन सकाळी जा आणि संध्याकाळी या. काय विसरलं, काय जास्तीचं झालं, ती किती वेळ बसू शकते, सगळं एका दिवसात समजतं. शिवाय सासूबाईंना बरोबर न्या. नातीला बाहेरच्या वाऱ्यात हसताना त्यांनी एकदा बघितलं की ‘हाल’ हा शब्द मागं पडेल. त्यांना वाईट म्हणू नकोस, त्या भीतीपोटी बोलतात.

आणि मावशीची गोष्ट. तिला मावशीकडे ठेवणं हे पाप नाही. वर्षातून एखादा दिवस, एखादी रात्र, तू जरूर ठेव, आणि त्या दिवशी फक्त थोरल्याला घेऊन जा किंवा नुसती झोप काढ. आईला विसावा लागतो आणि मुलीलाही दुसऱ्या हातांची सवय लागते. पण घरातली पहिली सहल तिच्याशिवाय होऊ नये. मुलगा पुढचा निबंध लिहील त्यात बहीण असू दे. मात्र तिथं त्याला राखणदार करू नकोस. संध्याकाळचे दोन तास फक्त त्याचे, बाबांबरोबर. माझ्या मुलीनं हे मला ती विशीत आल्यावर सांगितलं, म्हणून तुला आत्ताच सांगते.

प्रश्न: माझा सहा वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. नवीन जागी तो घाबरतो, गोंगाट झाला की कान झाकून ओरडतो आणि दार उघडं दिसलं की पळतो. मागच्या वेळी हॉटेलातून रस्त्यापर्यंत गेला होता. आम्ही साताऱ्यात राहतो. एक रात्र तरी बाहेर काढावी असं वाटतं.
– एक बाबा, सातारा

उत्तर: दादा, तुमच्यासाठी पॉइंट आणि बाजार नकोच. पाचगणीजवळ भिलार आहे. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, गावातल्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. तुमच्या मुलाला चित्रांची ओढ असेल तर एका घरात तासभर बसता येईल. आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा, सुट्यांत नको. मुक्काम गावात किंवा जवळपास, पण खोली रस्त्याकडे उघडणारी नको आणि कडी वरच्या बाजूला हवी, त्याचा हात पोचणार नाही अशी. हेही व्हिडिओवर बघून घ्या.

खोलीचे, दाराचे, जेवायच्या टेबलाचे फोटो मागवून घ्या आणि आठवडाभर रोज रात्री त्याला दाखवा, आपण इथं झोपणार, इथं जेवणार, मग घरी. त्याची घरची उशी न धुता न्या, ओळखीचा वास लागतो. ताट-वाटीही घरचीच. शर्टाच्या आतल्या बाजूला तुमचा फोन नंबर शिवून टाका. पोचल्यावर लगेच मालकांना आणि तिथल्या पोरांना त्याचा चेहरा दाखवून सांगा, हा एकटा दिसला तर हाक मारू नका, हाकेनं तो जास्त पळतो, नुसते आडवे उभे राहा आणि मला बोलवा. रात्री अगदीच जमलं नाही तर सातारा तासा-दीड तासावर आहे. अंधारात घाट उतरायची वेळ येऊ नये म्हणून ते संध्याकाळी सहालाच ठरवा.