शस्त्रक्रियेविषयी तू विचारलेस म्हणून

लातूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि रिपोर्टच्या झेरॉक्स मिळाल्या. ‘सर, ऑपरेशन करू की नको, एवढेच सांगा,’ असे तू लिहिले आहेस. मी डॉक्टर नाही; आयुष्यभर भूगोल शिकवला. परंतु याच क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसने, म्हणजे पाचक रस तयार करणाऱ्या स्वादुपिंडाच्या (पॅन्क्रियाजच्या) जुनाट दाहाने, माझी आठ वर्षे खाल्ली आणि त्याच शस्त्रक्रियेचा व्रण माझ्या पोटावर आहे. म्हणून हो किंवा नको असे उत्तर न देता, मी कुठे चुकलो आणि आज तुझ्या जागी असतो तर काय पाहिले असते, ते लिहितो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. आपल्याकडे स्वादुपिंडाचे नाव निघाले की समोरच्याची नजर ‘घेतो का?’ असे विचारते. तुझ्या चुलत्यांनीही तेच विचारले, असे तू लिहिले आहेस. दारू आणि धूम्रपान ही या आजाराची मोठी कारणे आहेत हे खरे. पण थेंबही न घेणाऱ्या तरुणांना, स्वादुपिंडात खडे आणि पुढे मधुमेहासह होणारा प्रकार भारतात फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि अशा अनेक रुग्णांत ‘स्पिंक-१’ नावाच्या जनुकात बदल सापडतो. चार लोक काय म्हणतील या धास्तीने मी पहिली दोन वर्षे तालुक्याबाहेरच्या डॉक्टरकडे गेलोच नाही. गावात बेंबी सरकली म्हणून एका आजीकडून तेल लावून ती बसवून घेतली, मग ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, आणि वजन बासष्ट किलोवरून सत्तेचाळीसवर आले तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली.

आता तुझे रिपोर्ट. स्वादुपिंडाची मुख्य नळी, जिला डॉक्टर डक्ट म्हणतात, ती निरोगी माणसात साधारण तीन मिलिमीटरची असते. तुझ्या एमआरसीपीत, म्हणजे एमआरआय यंत्राने काढलेल्या या नळ्यांच्या चित्रात, ती नऊ मिलिमीटर दिसते आणि स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या, म्हणजे त्याच्या जाड टोकाच्या, भागात अकरा मिलिमीटरचा खडा आहे. खड्याने वाट अडली की मागे दाब वाढतो आणि नळी फुगते, पाटाचे पाणी दार बंद असताना मागे तुंबते तसे. नळी फुगलेली असणे हे ऐकायला वाईट वाटते, पण शल्यविशारदाच्या दृष्टीने तीच सोय आहे, कारण फुगलेली नळी लांबीत उघडता येते, खडे काढता येतात आणि लहान आतड्याचा एक वळसा तिला जोडून पाचक रसाला नवी वाट करून देता येते. स्वादुपिंडाचे डोके सुजून जाड झाले असेल, तर आतला काही भाग कोरूनही काढतात. त्याला फ्रेची शस्त्रक्रिया म्हणतात. दोन्हींत बहुतांश अवयव जागेवरच राहतो. ‘पॅन्क्रियाज काढून टाकणार’ असे तुझ्या आईला कोणी सांगितले असेल तर ती समजूत आजच दूर कर. नळी बारीक असती तर मी हे लिहिलेच नसते. तेव्हा हा मार्ग फारसा उपयोगाचा नसतो आणि विचार वेगळा करावा लागतो.

शस्त्रक्रिया म्हणजे शेवटचा उपाय, सगळे करून झाले की मग, असे मला एका मोठ्या रुग्णालयात सांगण्यात आले आणि मी ते वेदवाक्य मानले. दर तीन-चार महिन्यांनी तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक पुंगळी, बदलायचा, ‘या वेळी बघू’ असे ऐकायचे आणि पहाटेच्या एसटीने परत यायचे, यात पाच वर्षे गेली. त्या काळात स्टाफरूममध्ये दुखणे उठले की मी टेबलावर वह्या पसरून, त्या तपासत असल्यासारखा पुढे वाकून बसत असे. कोणाला काही कळत नसे. तू रात्री दोन वाजता उशी पोटाशी धरून बसतोस, ते मला समजावून सांगावे लागत नाही.

हा माझा एकट्याचा अनुभव असता तर त्यावर तुला निर्णय घ्यायला लावला नसता. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी नळी फुगलेल्या ३९ रुग्णांची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांना आराम होता, दुर्बिणीच्या उपचाराच्या गटात ३२ टक्क्यांना. एकोणचाळीस म्हणजे आपल्या एका तुकडीएवढीही संख्या नाही, अशी शंका तुला येईल आणि ती रास्त आहे. पुढे तेथेच ८८ रुग्णांवर दुसरा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये आला. त्यात अफूजन्य वेदनाशामके नुकतीच लागू लागलेल्या रुग्णांची लवकर शस्त्रक्रिया केली, आणि दुसऱ्या गटाला आधी औषधे, मग दुर्बीण, मग गरज पडल्यास शस्त्रक्रिया असे टप्प्याटप्प्याने नेले. दीड वर्षातील वेदनेचा सरासरी गुणांक (जितका जास्त तितके दुखणे जास्त) शंभरपैकी लवकर शस्त्रक्रियेच्या गटात ३७ आणि टप्प्याटप्प्याच्या गटात ४९ असा निघाला. फरक जादूचा नाही, पण लवकरच्या बाजूने आहे. वेदना वर्षानुवर्षे राहिली की मज्जातंतू आणि मेंदू ती जणू पाठ करून टाकतात, मग वाट मोकळी केली तरी दुखणे पूर्ण जात नाही. माझे तसेच झाले. नव्वद टक्के गेले, पाठीतली ठसठस राहिली.

तुला दोन वर्षे झाली आहेत, दुर्बीण दोनदा झाली आहे आणि ट्रॅमाडॉल, जे त्याच गटातले वेदनाशामक आहे, आता रोज लागते. म्हणून माझे मत असे की शल्यविशारदाची भेट तिसऱ्या स्टेंटच्या आधी घे. भेट घेणे म्हणजे टेबलावर जाणे नव्हे. शरीराबाहेरून सोडलेल्या आघात-लाटांनी खडा फोडून तो दुर्बिणीने काढण्याचा मार्ग काही जणांना पुरतो. तुझ्या खड्यांची जागा आणि संख्या पाहून तो पुरेल का, हे पोटविकारतज्ज्ञ आणि शल्यविशारद दोघांनी एकत्र बसून सांगावे, असा आग्रह धर. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या सुजेत कर्करोगाची शंका असेल किंवा पित्तनलिका दाबून कावीळ होत असेल, तर चर्चा निराळी होते. तेही थेट विचार.

शस्त्रक्रिया काय देणार नाही, हे मला कोणी नीट सांगितले नव्हते. ती दुखण्यासाठी असते. नासलेल्या पेशी परत येत नाहीत; जेवणासोबतच्या, अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल चालू राहू शकतात (त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, घरात कोणाला अडचण असेल तर आधीच बोलून घे), आणि मधुमेह नंतरही येऊ शकतो. मला चार वर्षांनी आला. अशा मधुमेहात साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो, म्हणून इन्सुलिन घेऊन उपाशी राहायचे नाही. अनुभवी हातांत जिवाचा धोका कमी असतो, पण गळती, रक्तस्राव, जंतुसंसर्ग होऊ शकतात. म्हणून वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही करता, असे डॉक्टरांना विचारताना संकोचू नकोस. ज्यांना तो प्रश्न आवडणार नाही, त्यांच्याकडे मी तरी पोट उघडायला दिले नसते.

पैशाचे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे; पण ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयाच्या यादीत आहे का, ते तेथील आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, आधी समजून घे. आपल्याकडून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ, म्हणून बरेच जण तिकडे धावतात. परंतु राज्याबाहेर कोणते कार्ड चालेल, हे गाडीत बसण्यापूर्वी विचारावे. तोवर तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद, जीवनसत्त्व ‘ड’ची तपासणी, आणि वजन दोन-तीन किलो वाढेल असे खाणे. एन्झाइमची कॅप्सूल जेवण संपल्यावर घेऊ नकोस; पहिल्या घासाबरोबर एक आणि मध्यावर दुसरी, अशी डॉक्टरांना विचारून विभागून घे.

सोयाबीनची रास झाल्यावर बघू, असे तू शेवटी लिहिले आहेस. रास दोन आठवड्यांत होईल. तारीख आजच घे, ती मिळायलाच महिना लागतो. रविवारी मी घरी आहे. येताना एमआरसीपीची मूळ फिल्म आण, कारण झेरॉक्सवर सगळेच काळे दिसते, आणि किती वाजता दुखले, काय खाल्ले होते, किती गोळ्या लागल्या, हे लिहिलेली वहीही आण. वही नसेल तर आज रात्रीपासून लिही.

तुझे
सर