एसव्हीजीचं पीएनजी केलं की कडा धूसर का येतात? ३०० डीपीआय ठेवूनही?

तुम्ही लिहिलंय की चिन्हाची (आयकॉनची) एसव्हीजी फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांच्या रूपात साठवलेलं चित्र, २४ बाय २४ पिक्सेलची आहे, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कितीही मोठी केली तरी लख्ख दिसते, पण ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) टाकून पीएनजी, म्हणजे पिक्सेलच्या ठिपक्यांचं चित्र, काढली आणि ती पत्रकात लावली की सगळं धूसर. घोटाळा त्या ३०० मध्येच आहे.

हिशेब करून बघा. इंकस्केप एका इंचाला ९६ पिक्सेल धरतं. म्हणजे तुमचं चिन्ह कागदोपत्री पाव इंचाचं. पाव इंच गुणिले ३०० म्हणजे ७५. तुमच्या हातात आली ती ७५ बाय ७५ पिक्सेलची टिकली. पत्रकात ती दोन इंचांवर ताणली, तर इंचाला ३७-३८ पिक्सेलच उरतात. धूसर दिसणार नाही तर काय होईल?

डीपीआय हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तयार पीएनजीत तर तो नुसत्या चिठ्ठीसारखा असतो. फाइलमध्ये तो 'दर मीटरला इतके पिक्सेल' असा नोंदवतात, ३०० डीपीआयसाठी ११,८११. ती चिठ्ठी बदलली म्हणून चित्रातला एकही पिक्सेल वाढत नाही. "३०० डीपीआयची फाइल द्या" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, छापणार किती मोठी? ५० मिलिमीटर रुंद? मग ५० भागिले २५.४ गुणिले ३००, म्हणजे ५९१ पिक्सेल. एक्सपोर्टच्या खिडकीत डीपीआयची चौकट विसरा आणि रुंदीच्या चौकटीत थेट ५९१ टाका. पडद्यासाठी काढत असाल तर तिथे चित्र किती पिक्सेलचं दिसणार ते बघा आणि दाट पिक्सेलच्या पडद्यांसाठी त्याच्या दुप्पट काढा.

कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, इमेजमॅजिक हे चित्रं रूपांतरित करणारं सॉफ्टवेअर वापरणारे याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने पडतात. तिथे डेन्सिटीचा (म्हणजे डीपीआयचाच) पर्याय एसव्हीजीच्या नावाच्या आधी लिहायचा असतो. नंतर लिहिला तर तोवर चित्र कमी पिक्सेलमध्ये वाचून झालेलं असतं आणि पुढचं मोठं करणं म्हणजे पिक्सेलच ताणणं. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून सांगतो.

आता दुसरं कारण, जे लहान चिन्हांना जास्त छळतं. तुमच्या चित्रात १ पिक्सेल जाडीची उभी काळी रेघ आहे आणि ती बरोबर १० या आकड्यावर काढली आहे असं धरा. रेघेची जाडी दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी वाटली जाते, म्हणून ती साडेनऊपासून साडेदहापर्यंत पसरते. पिक्सेलच्या चौकटी मात्र पूर्णांकावर सुरू होतात. मग डावीकडचा पिक्सेल अर्धा झाकला जातो, उजवीकडचाही अर्धा, आणि एका काळ्या रेघेऐवजी दोन करड्या रेघा उमटतात. तीच रेघ १०.५ वर सरकवली की एकच पिक्सेल पूर्ण काळा होतो. लहान चिन्हं काढताना ग्रिड (चौकटींची जाळी) चालू ठेवा म्हणतात ते यासाठीच.

तुमच्या ७५ पिक्सेलच्या चित्रात हेच दुखणं होतं. २४ चे ७५ म्हणजे ३.१२५ पट, त्यामुळे मूळ फाइलमध्ये ग्रिडवर नीट बसवलेल्या कडाही अधल्यामधल्या जागी गेल्या. ७२ किंवा ९६ काढले असते तर बसल्या असत्या. ५००-६०० पिक्सेलच्या पुढे याची फारशी फिकीर करू नका, डोळ्याला कळत नाही.

तुम्ही 'दोन रंगांच्या मध्ये बारीक पांढरी रेघ येते' असंही लिहिलंय. त्यात तुमची चूक नाही. दोन आकार एकमेकांना चिकटून आहेत आणि त्यांची सामाईक कड एका पिक्सेलच्या मधोमध जाते, असं समजा. पहिला आकार त्या पिक्सेलचा निम्मा भाग रंगवतो. दुसराही निम्माच रंगवतो, पण आधीच्या रंगावरून. शेवटी पाव हिस्सा पार्श्वभूमी तशीच डोकावत राहते. उपाय साधा आहे: खालच्या आकाराची ती कड वरच्याच्या पोटाखाली थोडी आत वाढवा.

अक्षरं असतील तर एक्सपोर्टच्या आधी त्यांचे पाथ (म्हणजे नुसते आकार) करून घ्या, निदान दुसऱ्या यंत्रावर रूपांतर होणार असेल तेव्हा तरी. एसव्हीजीत बहुधा फॉन्टचं फक्त नाव असतं, फॉन्ट नसतो. रोमन अक्षरांत फार तर वळण बदलतं. देवनागरीत मात्र कधी कधी जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो आणि वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. 'मार्गदर्शिका'ची झालेली चिरफाड मी पाहिली आहे, तीही छापून आल्यावर. पाथ केल्यावर मजकूर सुधारता येत नाही, म्हणून अक्षरं शाबूत असलेली प्रत वेगळी जपून ठेवा.

आणि जेपीईजी नकोच. एकसंध रंग आणि धारदार कडा यांच्याशी त्याचं वाकडं आहे. तो चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे पाडून दाबतो, त्यामुळे अक्षरांभोवती धूळ उडाल्यासारखे डाग पडतात. पारदर्शकताही त्याला ठेवता येत नाही. काही सॉफ्टवेअर तिथे पांढरं भरतात, काही काळं, आणि काळ्या अक्षरांचं चिन्ह काळ्यावर कसं दिसतं हे एकदा करून बघाच.