बायनॉमियल आणि पॉयसाँ वितरण प्रत्यक्ष कामात कुठे लागतं? कोणतं कधी घ्यायचं ते कसं ओळखायचं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बी.कॉम.ला आहात आणि हे सगळं परीक्षेपुरतंच वाटतं. मलाही वाटायचं. मग यापायी मला मेमो मिळाला.

भोसरीत एका मोल्डिंग शॉपमध्ये क्वालिटीला होतो. गाडीतली वायरिंग धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप बनायची. तिला नखाएवढा हूक असतो. तो अर्धवट भरला की पीस शॉर्ट. नुसतं बघून चटकन कळत नाही, अंगठ्याचं नख फिरवावं लागतं. ५००० चा लॉट, त्यातले ५० तपासायचे, एकही शॉर्ट नसला तर पास, हा नियम माझ्या आधीपासूनचा. एकदा पन्नासच्या पन्नास चांगले निघाले, मी सही केली, आणि आठवड्याने लॉट परत आला. कस्टमरने एकेक पीस बघून सगळा निवडला होता. शंभराच्या आसपास शॉर्ट, म्हणजे दोन टक्के.

साहेब म्हणाले, "दोन टक्के म्हणजे पन्नासात एक. तुला एकही सापडला नाही, म्हणजे तू तपासलंच नाहीस. नुसती सही ठोकलीस."

पन्नास वेळा नख फिरवून अंगठा दुखत होता हो माझा!

पन्नासात एक ही सरासरी झाली. एक पीस चांगला निघण्याची शक्यता ०.९८, तर ओळीने पन्नास चांगले निघण्याची ०.९८ चा ५० वा घात, म्हणजे ०.३६४. बरोबर एक शॉर्ट सापडण्याची ०.३७२. दोनची ०.१८६, तीनची ०.०६१, आणि त्यापुढचं सगळं मिळून दोन टक्क्यांच्या आत. हेच तुमचं बायनॉमियल: ठराविक पीस, प्रत्येक एकतर चांगला नाहीतर शॉर्ट, आणि त्यात किती शॉर्ट निघतील याची शक्यता. अडीच पीस शॉर्ट निघत नाहीत, म्हणून याला डिस्क्रीट, म्हणजे पूर्ण आकड्यांचं वितरण म्हणतात. थोडक्यात, खराब लॉट असूनही एकही न सापडणं आणि साहेबांना हवा होता तसा नेमका एक सापडणं, दोन्ही जवळजवळ सारखंच शक्य होतं. मी हे इन्स्पेक्शन रिपोर्टच्या मागे मांडून दाखवलं. "हे कॉलेजात सांग," एवढंच उत्तर मिळालं. मेमोवर सही करताना खाली ०.३६४ लिहून दिलं, तर एचआरच्या मॅडम विचारतात, हे इन्क्रिमेंट का?

पॉयसाँचं म्हणाल तर n (किती पीस तपासले) मोठा, p (एक पीस शॉर्ट असण्याची शक्यता) लहान असला की तोच आकडा सोप्या वाटेने मिळतो. इथे np = १, म्हणून शून्याची शक्यता e (२.७१८) चा उणे १ घात, ०.३६८. फरक बघा किती कमी. पण त्याची खरी जागा जिथे n मोजताच येत नाही तिथे. बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांचा तक्ता छापला. त्यातल्या १० तुकड्या, २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, मृत्यू १२२, सरासरी ०.६१. घोड्याने किती वेळा लाथ *नाही* मारली हे कोण मोजणार? तरी एकही मृत्यू नसलेल्या नोंदी पॉयसाँने १०८.७ यायला हव्यात, प्रत्यक्षात होत्या १०९. हाही तक्ता मी साहेबांना दाखवला होता. आपल्याकडे घोडे नाहीत, म्हणाले.

माझं स्पष्ट मत आहे की "५० तपासा, शून्य असेल तर पास" हा नियम म्हणजे लॉट पास करायची पळवाट आहे. दोन टक्के खराब लॉटमधला किमान एक शॉर्ट ९५ टक्के खात्रीने पकडायचा तर १४९ पीस तपासावे लागतात. तेवढा माणूस आणि वेळ द्यायचा नसेल तर निदान तपासणाऱ्याला खोटं पाडू नका. आणि सॅम्पलिंग ठरवणाऱ्या प्रत्येक प्रॉडक्शनवाल्याकडून ०.९८ चा घात आधी कॅल्क्युलेटरवर काढून घ्या.

परीक्षेपुरतं बोलायचं तर किती वेळा करून पाहिलं ते दिलं असेल तर बायनॉमियल, नुसती सरासरी दिली असेल तर पॉयसाँ. लॉटच लहान असेल, वीसातले पाच काढले वगैरे, तर दोन्ही नाही, हायपरजॉमेट्रिक, म्हणजे काढलेला पीस परत न टाकता मोजायचं वितरण. ते तुम्हाला नसेल बहुतेक.

एक राहिलंच. बायनॉमियलमध्ये प्रत्येक पीस दुसऱ्यापासून स्वतंत्र असावा लागतो. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी सकाळी मशीन थंड, पहिले शॉट (साच्यात प्लास्टिक भरायच्या फेऱ्या) शॉर्ट जायचे आणि ते क्रेटच्या तळाशी पडायचे. मी पन्नासही वरूनच उचलले होते. तेव्हा माझ्या बाबतीत शून्याची शक्यता ०.३६४ पेक्षा बरीच जास्त असणार. हे मला दोन वर्षांनी, दुसऱ्या कंपनीत, क्रेट उपडा करताना सुचलं. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.